चूक, दोष आणि उणीव
इंग्रजी पर्यायशब्द व त्यांचे मराठी प्रतिशब्द : एक ऐतिहासिक विवेचन

१. प्रास्ताविक

इंग्रजी भाषेत चूक व अपूर्णता दर्शविणाऱ्या शब्दांचा एक मोठाच परिवार आहे. 'एरर', 'मिस्टेक', 'ब्लंडर', 'स्लिप', 'फॉल्ट', 'डिफेक्ट', 'फ्लॉ', 'ब्लेमिश', 'डेफिशिअन्सी', 'इम्परफेक्शन' हे त्यांतले नित्य आढळणारे शब्द होत. मराठी विद्यार्थी शब्दकोश उघडतो तेव्हा या सर्वांपुढे त्याला 'चूक, दोष, उणीव, व्यंग, न्यून' हेच पाच-सहा शब्द आलटून पालटून दिलेले दिसतात आणि त्यावरून तो दोन अनुमाने काढतो. पहिले असे की, हे इंग्रजी शब्द एकमेकांच्या जागी वाटेल तसे वापरता येतात. आणि दुसरे असे की, मराठीत या सूक्ष्म भेदांना शब्दच नाहीत. ही दोन्ही अनुमाने टिकण्यासारखी नाहीत, हे दाखविणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे.

प्रश्न केवळ शब्दशोभेचा नाही. कायदा, महसूल, विज्ञान आणि शिक्षण या चारही क्षेत्रांत एखाद्या गोष्टीला चूक म्हणावयाचे, दोष म्हणावयाचे की उणीव म्हणावयाचे यावर पुढचा व्यवहार अवलंबून असतो. दुरुस्ती कोणी करावयाची, भरपाई कोणी द्यावयाची आणि बोल कोणाला लावावयाचा, हे त्या एका शब्दाने ठरते.

विवेचन हवेत राहू नये म्हणून पुढील बहुतेक उदाहरणे एकाच गावच्या जीवनातून कल्पिली आहेत. ते गाव म्हणजे वसई तालुक्यातील जूचंद्र. चंडिकादेवीचे देवस्थान आणि रांगोळी कलावंतांचे गाव ही त्याची ख्याती महाराष्ट्रात सर्वपरिचित आहे. आसपासची मिठागरे हे या परिसराचे जुने उपजीविकेचे साधन. २००९ साली वसई-विरार शहर महानगरपालिका स्थापन झाली आणि २०१४ साली ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन हा तालुका पालघर जिल्ह्यात आला. कला, मीठ, शेतजमिनीचा सातबारा आणि नव्या इमारतीतील सदनिका ही चारही येथे शेजारी शेजारी नांदतात. आपल्या विषयाला याहून सोयीचे क्षेत्र शोधावयास नको.

२. इंग्रजी शब्दांचे मूळ

प्रथम इंग्रजी शब्दांच्या कुळांकडे पाहू. 'एरर' हा शब्द लॅटिन 'एरारे' म्हणजे भटकणे या धातूवरून फ्रेंचच्या द्वारे इंग्रजीत आला. वाट सोडून गेलेला मनुष्य भटकतो, त्याप्रमाणे बुद्धी सत्यापासून दूर गेली म्हणजे 'एरर'. 'मिस्टेक' हा शब्द उत्तरेकडील नॉर्स भाषेतला. त्याचा मूळ अर्थ एक वस्तू घ्यावयाची असता दुसरीच उचलणे. क्रियापद म्हणून तो आधी रूढ झाला. नाम म्हणून त्याचा वापर सतराव्या शतकातील आहे. 'ब्लंडर' हाही नॉर्स कुळातलाच, आणि त्याच्या मुळाशी डोळे मिटून चालण्याची कल्पना आहे. या तिन्ही शब्दांत एक गोष्ट समान आहे. तिन्हींत कोणी तरी कर्ता आहे आणि त्याच्या हातून काही तरी घडते. मात्र 'एरर'मध्ये मापदंडापासूनचे अंतर मुख्य, 'मिस्टेक'मध्ये समजुतीचा घोटाळा मुख्य आणि 'ब्लंडर'मध्ये बेफिकिरी मुख्य.

दुसरा गट 'डिफेक्ट', 'फ्लॉ' आणि 'ब्लेमिश' यांचा. 'डिफेक्ट' लॅटिनमधील कमी पडणे या अर्थाच्या क्रियापदापासून आला आहे. 'फ्लॉ' या शब्दाचे मूळ स्कँडिनेव्हियन असावे. आरंभी तो हिमकण किंवा ठिणगी अशा सुट्या कपच्याला लावीत, पुढे कपचा निघाल्यामुळे पडलेल्या भेगेला लावू लागले. 'ब्लेमिश' हा जुन्या फ्रेंचमधील फिकट करणे, इजा करणे या अर्थाच्या क्रियापदावरून आला. येथे कर्ता दृष्टीआड झाला आहे. दिसते ती वस्तू. 'डिफेक्ट'ने वस्तू आपले काम नीट करीत नाही. 'फ्लॉ' हा आतील भेगेसारखा असून वरून दिसेलच असे नाही. 'ब्लेमिश' हा वरचाच डाग, त्याने वस्तूचे काम अडत नाही, रूप मात्र बिघडते.

या दोन गटांच्या मध्ये 'फॉल्ट' हा शब्द उभा आहे आणि त्याचा इतिहास फार उद्बोधक आहे. फ्रेंच 'फोत' या शब्दाचा अर्थ अभाव, कमतरता असा होता आणि इंग्रजीतही प्रथम तोच अर्थ होता. 'डिफॉल्ट' या शब्दात देणे न दिल्याचा जो अर्थ आहे तो या जुन्या अर्थाचाच अवशेष होय. पुढे 'फॉल्ट' म्हणजे वस्तूतील दोष असा अर्थ झाला आणि त्यापुढे त्या दोषाची जबाबदारी असाही झाला. आज इंग्रज मनुष्य यंत्रातील बिघाडालाही 'फॉल्ट' म्हणतो आणि अपराध कोणाचा हे सांगतानाही तोच शब्द वापरतो. मौज अशी की, या शब्दात मुळात 'ल'चा उच्चार नव्हता. विद्वानांनी लॅटिन मुळाकडे पाहून लेखनात तो घातला आणि कालांतराने लोक तो उच्चारू लागले.

अभावातून दोष आणि दोषातून दूषण, अशी ही अर्थाची वाटचाल आहे. ती केवळ इंग्रजीची नव्हे, हे पुढे दिसेल.

३. आपल्याकडील परंपरा

भारतीय शास्त्रकारांनी या भेदांचा विचार इंग्रजी कोशकारांच्या पुष्कळ आधी केला होता. शब्द हे ज्ञानाचे प्रमाण केव्हा मानावे, या चर्चेत वक्त्याचे चार दोष सांगितले जातात : भ्रम, प्रमाद, विप्रलिप्सा आणि करणापाटव. भ्रम म्हणजे वस्तू एक असता दुसरी समजणे. प्रमाद म्हणजे जाणत असूनही अनवधानाने अन्यथा बोलणे. विप्रलिप्सा म्हणजे फसविण्याची इच्छा. करणापाटव म्हणजे इंद्रियांची असमर्थता. साधनच अधू असणे. समजुतीची चूक, अनवधानाची चूक, हेतुपुरस्सर खोटेपणा आणि साधनाचा दोष असे हे चार स्वच्छ विभाग आहेत. 'भ्रम' हा शब्द भ्रमण करणे याच अर्थाच्या धातूवरून आला आहे, म्हणजे 'एरर' आणि 'भ्रम' यांच्या मुळाशी भटकण्याचे एकच रूपक आहे, हेही ध्यानात घेण्यासारखे आहे.

साहित्यशास्त्रात 'दोष' हा शब्द वस्तुनिष्ठ अर्थाने स्थिर झाला. मम्मटाने काव्यप्रकाशाचा सातवा उल्लास दोषविवेचनास दिला आहे. तेथे कवीच्या अपराधाची चर्चा नाही. काव्यात रसास बाधक असे काय आहे याची आहे. आयुर्वेदात तर वात, पित्त, कफ यांनाच 'दोष' ही संज्ञा आहे. याउलट, पोथ्यांच्या अखेरीस लेखक जी नेहमीची विनवणी लिहीत, तिच्यात 'दोष' शब्दाची दुसरी बाजू दिसते. जसे पुढ्यात होते तसे मी लिहिले, शुद्ध असो की अशुद्ध, मला दोष देऊ नये, असा तिचा आशय असतो. येथे 'अशुद्ध' हा पोथीचा धर्म आहे आणि 'दोष' म्हणजे लेखकावर येणारे दूषण. वस्तूतील बिघाड आणि त्याची जबाबदारी या दोहोंना एकच शब्द, ही 'फॉल्ट'ची जी गत तीच 'दोष' या शब्दाची.

आता तद्भव शब्द पाहू. बाराव्या शतकातील हेमचंद्राने आपल्या प्राकृत व्याकरणात 'भ्रंश्' म्हणजे ढळणे, खाली पडणे या धातूच्या जागी येणारे जे आदेश दिले आहेत, त्यांत 'चुक्क' आणि 'भुल्ल' ही दोन रूपे आहेत. मराठीतील 'चुकणे' आणि 'भुलणे' ही त्यांचीच वारस होत. परंतु मराठीने या दोन भावंडांना निरनिराळी कामे नेमून दिली. वाट चुकते, नेम चुकतो, गाडी चुकते, वेळ चुकते. येथे सर्वत्र ठरलेले लक्ष्य हुकले आहे. भुलणे हे मात्र मनाचे आहे. मनुष्य रूपाला भुलतो, बोलण्याला भुलतो. शस्त्रक्रियेपूर्वी वैद्य भूल देतात. म्हणजे चूक ही कृतीची आणि भूल ही चित्ताची. व्यापाऱ्याच्या बिलावर 'चूकभूल द्यावी घ्यावी' असे छापलेले असते, त्यात हे दोन्ही शब्द आहेत. इंग्रजी बिलावर याच ठिकाणी 'एरर्स अँड ओमिशन्स एक्सेप्टेड' या अर्थाची अक्षरे असतात. इंग्रज व्यापारी चुकीला हिशेबाच्या जबाबदारीतून वगळतो. मराठी व्यापारी ती देण्याघेण्यातच धरतो. दोहोंचा परिणाम जवळपास एकच, पण मराठी वाक्यात दोन्ही पक्षांना सारखाच हक्क दिलेला आहे.

४. फार्सी अंमल आणि दरबारी शब्द

मध्ययुगीन राज्यव्यवहाराबरोबर मराठीत अरबी-फार्सी शब्दांचा एक थर आला. तकसीर, कसूर, गफलत, गुन्हा, ऐब, कसर हे त्यांतले आपल्या विषयाचे शब्द. यांतील 'कसूर' आणि 'तकसीर' हे एकाच अरबी धातूपासून झाले असून त्यांचा मूळ अर्थ अपुरे पडणे, उणे पडणे असा आहे. चाकरीत उणे पडला तो कसूरदार झाला आणि तकसिरीची माफी मागू लागला. अभावातून अपराध या अर्थांतराचा हा दुसरा दाखला. 'गफलत' म्हणजे बेसावधपणा. हा 'प्रमादा'चाच जोडीदार. 'गुन्हा' हा फार्सीत पापवाचक आहे. मराठीत तो कायद्याने दंडनीय कृत्यापुरता राहिला. 'ऐब' माणसाच्या स्वभावातील वा जनावरातील खोडीला लागला. 'कसर' हा शब्द तर विशेषच लक्षणीय आहे. अरबीत त्याचा अर्थ तुटणे, अपूर्णांक असा आहे. मराठीत कसर राहते आणि ती भरून काढावी लागते. संस्कृत 'त्रुटि' हाही तुटणे या अर्थाच्या धातूवरूनच आला आहे. दोन अगदी वेगळ्या कुळांतील भाषांनी अपूर्णतेसाठी मोडलेल्या तुकड्याचेच रूपक वापरावे, हा योगायोग मनोरम आहे.

शिवकालात तयार झालेल्या राज्यव्यवहारकोशाने सुमारे चौदाशे दरबारी शब्दांना संस्कृत पर्याय सुचविले. त्या उद्योगाचे महत्त्व मोठे आहे. परंतु पेशवाईअखेरपर्यंतच्या पत्रव्यवहारात कसूर आणि तकसीर नांदतच राहिले, आणि 'कसूर' तर आजही कार्यालयीन मराठीत जिवंत आहे. एखादा शब्द केवळ अर्थाने टिकत नाही; त्याच्यामागे कारवाईची एक पद्धत उभी असते म्हणून तो टिकतो.

५. कोशकारांचे शतक

एकोणिसाव्या शतकात मराठीचे कोश झपाट्याने तयार झाले. विल्यम केरीचा कोश १८१० साली श्रीरामपूर येथे निघाला, व्हॅन्स केनेडीचा १८२४ साली, आणि मुंबईच्या पंडितांचा मराठी-मराठी कोश १८२९ साली. १८३१ साली मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश जॉर्ज व टॉमस कँडी या बंधूंच्या साहाय्याने प्रसिद्ध झाला. १८४७ साली टॉमस कँडीने पुरा केलेला इंग्रजी-मराठी कोश आला. आणि १८५७ साली मराठी-इंग्रजी कोशाची सुमारे साठ हजार शब्दांची दुसरी आवृत्ती निघाली.

या कोशांचे ऋण मान्य करूनही त्यांच्या पद्धतीतील एक अडचण सांगितली पाहिजे. पर्यायशब्दांकडे पाहण्याच्या दोन परंपरा आहेत. एक अमरकोशाची : एकार्थक शब्द एकत्र गुंफून पाठ करावे. दुसरी अठराव्या शतकातील फ्रेंच अभ्यासकांची. १७१८ साली गिरार या धर्मोपदेशकाने पर्यायशब्दांतील भेद सांगणारा ग्रंथ लिहिला. इंग्रजीत १७९४ साली हेस्टर पिओझी हिने आणि १८१६ साली जॉर्ज क्रॅब याने तोच मार्ग चोखाळला. या परंपरेचा सिद्धान्त असा की, पूर्ण पर्याय असे शब्द भाषेत क्वचितच असतात आणि कोशकाराने जोडण्यापेक्षा वेगळे करावे. १८५२ साली रॉजेने मात्र आपल्या प्रसिद्ध ग्रंथात पुन्हा अमराप्रमाणे समूहरचनाच स्वीकारली.

द्विभाषिक कोशाची रचनाच अशी असते की, त्यात अमराची परंपरा आपोआप प्रबळ होते. इंग्रजी शब्दापुढे पाच मराठी शब्द स्वल्पविराम देऊन लिहिले की काम भागते. वाचणाऱ्याला त्या स्वल्पविरामांचा अर्थ 'अथवा' असा वाटतो. वास्तविक तो 'प्रसंगानुसार' असा असतो. कोणता प्रसंग, हे सांगावयास इंग्रजी-मराठी कोशात जागा नसे. मराठीच्या बाजूने ही उणीव पुढे १९३२ ते १९३८ या काळात दाते व कर्वे यांच्या महाराष्ट्र शब्दकोशाने बरीच भरून काढली, कारण त्यात वाक्प्रचार भरपूर दिले आहेत. परंतु शासकीय परिभाषा घडविणाऱ्यांची नजर इंग्रजी शब्दावर असे आणि त्यांना एका शब्दास एक प्रतिशब्द हवा असे. बडोदे संस्थानचा १९३१ सालचा श्रीसयाजीशासनकल्पतरु आणि महाराष्ट्र राज्य झाल्यावर १९६० साली स्थापन झालेल्या भाषा संचालनालयाचे कोश या मोठ्या उपक्रमांपुढेही हीच अडचण उभी होती.

६. क्रियापदाची कसोटी

मग भेद ओळखावा कसा? भाषाशास्त्राच्या दृष्टीने सर्वांत खात्रीची कसोटी व्याख्येची नसून सहचाराची आहे. नाम कोणत्या क्रियापदाबरोबर सहज नांदते ते पहावे. इंग्रज 'मिस्टेक' करतो, 'फॉल्ट' शोधतो आणि यंत्रात 'डिफेक्ट' असतो. 'डिफेक्ट' कोणी 'करीत' नाही. मराठीत ही व्यवस्था अधिकच काटेकोर आहे.

चूक होते, चूक करतो, चूक घडते, चूक सुधारतो, चूक पोटात घालतो. म्हणजे चूक ही घटना आहे. तिला काळ आणि कर्ता आहे. दोष असतो, दोष जडतो, दोष लागतो, दोष काढतो आणि दोष देतो. म्हणजे दोष ही स्थिती आहे, आणि 'देणे' या क्रियापदाने ती स्थिती दुसऱ्याच्या माथी मारता येते. 'माझ्याकडून दोष झाला' हे बोलणे जुन्या विनयाच्या भाषेत चालेल; एरवी ते कानाला खटकते. उणीव असते, राहते, भासते आणि भरून काढली जाते. तिला केवळ अपेक्षा लागते; अपेक्षा नसेल तेथे उणीव नाही. खोट असते आणि काढली जाते. ती सोन्यात असते, नाण्यात असते, मनात असते, म्हणजे नेहमी आत असते. 'फ्लॉ'ला हा शब्द पुष्कळदा चपखल बसतो. डाग पडतो आणि पुसला जातो. 'ब्लेमिश'चे काम तो करतो. व्यंग हे अंगाचे. दिसणाऱ्या आकृतीत ते असते.

आता जूचंद्रची रांगोळी समोर आणावी. ठिपके मांडताना मोजणी हुकून एका ओळीत एक ठिपका कमी पडला, ही चूक. ती हाताने घडली आणि रेघा ओढण्यापूर्वी लक्षात आली तर सुधारता येते. रंगविलेल्या व्यक्तिचित्रात एक डोळा दुसऱ्यापेक्षा किंचित खाली आला, तर ते चित्रातले व्यंग. छायाप्रकाशाची एकूण योजनाच विषयाला साजेशी नसेल तर तो रचनेचा दोष; तेथे एकेक रेघ बिनचूक असूनही चित्र सदोष असू शकते. पार्श्वभूमीचा एक रंग संपल्यामुळे कोपरा पुरेसा भरला नाही, ही उणीव. आणि सगळे यथास्थित झाल्यावर कोणाचे पाऊल कडेला लागून रंग फिसकटला, तर तो डाग. त्यात कलावंताचा काही अपराध नाही. या पाचही गोष्टींना परीक्षकाने 'चूक' म्हटले तर कलावंताला अन्याय झाल्यासारखे वाटेल, आणि ते वाटणे भाषेच्या दृष्टीनेही बरोबर आहे.

मिठागराचे उदाहरण याहून साधे आहे. खाजण भागातील खारे पाणी वाफ्यांत घेऊन उन्हाने आटवितात आणि पावसाळ्यापूर्वी मीठ गोळा करतात. पाणी वेळेआधी सोडले गेले तर चूक. मिठात चिखलाचा अंश आला तर दोष. अवेळी पावसाने उत्पन्न घटले तर तूट. 'तूट' हाही तुटणे या कल्पनेतूनच आला आहे, पण तो मोजमापाचा शब्द आहे. त्यात कोणालाच दूषण नाही.

७. कायद्यात शब्दाचे मोल

शब्दाच्या निवडीने माणसाचे हित-अहित ठरते, ते मुख्यतः कायद्यात. १८७२ च्या करार अधिनियमाचे कलम २० असे सांगते की, कराराला आवश्यक अशा वस्तुस्थितीबाबत दोन्ही पक्षांची 'मिस्टेक' असेल तर करार शून्यवत होय. कलम २२ सांगते की, एकाच पक्षाची असेल तर केवळ तेवढ्याने करार रद्द करता येत नाही. येथे 'मिस्टेक' म्हणजे समजुतीचा घोटाळा, शास्त्रकारांचा 'भ्रम'. १८६० च्या दंड संहितेची कलमे ७६ व ७९, आणि त्यांच्या जागी १ जुलै २०२४ पासून आलेली भारतीय न्याय संहितेची कलमे १४ व १७, हीही याच अर्थाने तथ्याची चूक बचाव मानतात. कायद्याविषयीची चूक मानीत नाहीत.

दिवाणी प्रक्रिया संहितेचे १९०८ सालचे कलम १५२ आपल्या दृष्टीने आदर्श आहे. लेखनातील वा आकडेमोडीतील 'मिस्टेक' आणि अनवधानाने झालेल्या 'स्लिप' किंवा 'ओमिशन'मुळे उद्भवलेली 'एरर' न्यायालयाला केव्हाही दुरुस्त करता येते, असे ते कलम म्हणते. हात घसरला किंवा काही गळले, ही घटना. तिच्यामुळे कागदावर उरलेले चुकीचे वाक्य किंवा आकडा, तो परिणाम. घसरणे आणि घसरल्याची खूण यांत हा भेद आहे. मराठीत पहिल्यास 'प्रमाद' आणि दुसऱ्यास 'चूक' हे शब्द योग्य ठरतील.

महसुली मराठीत 'लेखनप्रमाद' आणि 'हस्तदोष' असे दोन शब्द रूढ आहेत. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १५५ खाली अधिकार अभिलेखातील लेखनप्रमाद आणि हितसंबंधीयांनी मान्य केलेल्या चुका दुरुस्त करता येतात. फेरफार नोंदीत एका वारसाचे नाव आहे पण सातबाऱ्यावर उतरविताना ते गळले, तर तो लेखनप्रमाद आणि त्याची दुरुस्ती या कलमाने होते. परंतु त्या व्यक्तीस वारसा आहे की नाही हाच वाद असेल, तर तो प्रमाद नव्हे आणि या मार्गाने तो मिटविता येत नाही. जूचंद्रसारख्या ठिकाणी, जेथे शेताची जमीन एका पिढीत शहराची जमीन होत आहे, तेथे 'लेखनप्रमाद' हा शब्द अर्जावर लिहावा की न लिहावा, हा प्रश्न कुटुंबाच्या मालमत्तेचा आहे. 'हस्तदोष' हा शब्द मात्र आमच्या मते टाळावा. हाताला दोष जडलेला नाही. हाताकडून चूक घडली आहे. घटनेला स्थितीचा शब्द लावल्याने उगाच दूषणाची छटा येते.

दुसरे क्षेत्र ग्राहकाचे. १९८६ च्या ग्राहक संरक्षण अधिनियमाने, आणि त्याच्या जागी आलेल्या २०१९ च्या अधिनियमाने, वस्तूंच्या बाबतीत 'डिफेक्ट' आणि सेवेच्या बाबतीत 'डेफिशिअन्सी' असे दोन वेगळे शब्द वापरले आहेत. विशेष म्हणजे दोहोंच्या व्याख्येत 'फॉल्ट', 'इम्परफेक्शन' आणि 'शॉर्टकमिंग' हे तिन्ही शब्द येतात. सेवेच्या व्याख्येत अपुरेपणाचा शब्द अधिक आहे. कायदेकर्त्यांनी भेद सांगण्यापेक्षा पळवाट बुजविण्यासाठी शब्दांची रास घातली, हे उघड आहे. तरीही वस्तूला दोष आणि सेवेला उणेपणा, हा विभाग त्यातून स्पष्ट राहतो. मराठी निकालपत्रांत 'सदोष वस्तू' आणि 'सेवेतील त्रुटी' हे शब्द रूढ झाले आहेत, आणि ते क्रियापदाच्या कसोटीला उतरतात. कचेरीत आपण अर्जातील 'त्रुटींची पूर्तता' करतो. पूर्तता ज्याची होते ते उणे असते, चुकलेले नसते. म्हणून 'डेफिशिअन्सी'ला 'त्रुटी' हा प्रतिशब्द उचित होय.

सदनिकेचे उदाहरण घ्यावे. नव्या इमारतीच्या तुळईला भेग आहे. हा बांधकामातील दोष. २०१६ च्या स्थावर संपदा अधिनियमाच्या कलम १४ प्रमाणे ताबा दिल्यापासून पाच वर्षांच्या आत असा दोष निदर्शनास आणून दिला, तर प्रवर्तकाने तो मोबदला न घेता तीस दिवसांत दूर केला पाहिजे. येथे दोष कसा उद्भवला आणि कोणाचा हात चुकला हे ग्राहकाने सिद्ध करण्याची गरज नाही. दोष आहे, एवढे पुरे. ग्राहकाने तक्रारीत 'बांधकाम करताना चुका झाल्या' असे लिहिले, तर कोण केव्हा चुकले ही निराळीच चर्चा तो आपण होऊन ओढवून घेतो. घटनेच्या जागी स्थितीचा शब्द घातला की त्याची बाजू सरळ उभी राहते.

८. विज्ञान आणि शिक्षण

विज्ञानात 'एरर' या शब्दातून दूषण पार निघून गेले आहे. उत्तम साधनाने, उत्तम निरीक्षकाने घेतलेल्या मापातही 'एरर' असतेच. संख्याशास्त्रीय मराठीत यासाठी 'त्रुटी' शब्द रूढ झाला आणि 'प्रमाण त्रुटी' सारखे समास सिद्ध झाले. 'चूक' हा शब्द तेथे टाळला गेला हे योग्यच झाले, कारण तो कर्त्याकडे बोट दाखवितो. पण त्यामुळे 'त्रुटी' या एका शब्दावर दोन भार पडले, हेही ध्यानी ठेवले पाहिजे : निकालपत्रातली त्रुटी ही भरपाईला पात्र आहे, प्रयोगवहीतली नाही.

शिक्षणक्षेत्रात १९६७ साली एस. पिट कॉर्डर यांनी परभाषा शिकणाऱ्याच्या 'एरर' आणि 'मिस्टेक' यांत भेद केला, आणि उपयोजित भाषाशास्त्राला त्याने नवे वळण मिळाले. शिकणाऱ्याला नियम ठाऊक आहे पण घाईत वा थकव्याने जीभ घसरली, तर ती 'मिस्टेक'. तो स्वतःच ती सुधारू शकतो. त्याच्या मनात नियमच वेगळा तयार झाला असेल तर ती 'एरर'. ती पुनःपुन्हा आणि एकाच पद्धतीने होते. मराठी मुलगा इंग्रजी बोलताना उपपदे गाळतो, ती बहुधा दुसऱ्या प्रकारची. मराठीत उपपदे नाहीत. त्याच्या मनातील व्यवस्था सुसंगत आहे, फक्त ती इंग्रजीची नाही. अशा मुलाच्या वहीत शिक्षक लाल शाईने सर्वत्र 'चूक' असाच शेरा मारतो, तेव्हा अनवधान आणि अज्ञात नियम यांना एकच शिक्षा होते. शास्त्रकारांच्या भाषेत पहिला प्रमाद आणि दुसरा भ्रम. पहिल्यावर उपाय सावधानता, दुसऱ्यावर उपाय शिकवणे. ज्याला शिकविले पाहिजे त्याला 'लक्ष दे' म्हणून भागत नाही, ही गोष्ट प्रत्येक शाळेत रोज घडते आणि तिचे मूळ एका शब्दाच्या ढिलाईत आहे.

९. निष्कर्ष

वरील विवेचनातून तीन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली अशी की, अभावातून दोष व दोषातून दूषण हा अर्थविकास इंग्रजी 'फॉल्ट' आणि अरबी 'कसूर-तकसीर' या शब्दांत स्पष्ट दिसतो, आणि वस्तूचा बिघाड व कर्त्याचे दूषण एकाच शब्दात मिसळण्याची हीच प्रवृत्ती 'दोष' या शब्दातही आहे. म्हणून या वर्गातील शब्द वापरताना दूषणाची छटा हवी की नको, हे लेखकाने आधी ठरविले पाहिजे. दुसरी अशी की, मराठीत भेद नाहीत हा समज द्विभाषिक कोशांच्या रचनेतून निर्माण झाला; मराठीचे भेद नामांत जितके दिसतात त्याहून अधिक त्यांच्या क्रियापदांत आहेत. तिसरी अशी की, प्रतिशब्द ठरविताना शब्दाला शब्द न लावता तीन प्रश्न विचारावे. काही घडले आहे काय? घडले असेल तर चूक, आणि तिच्या कारणानुसार भ्रम किंवा प्रमाद. वस्तूत काही आहे काय? असेल तर दोष. आत असेल तर खोट, आकृतीत असेल तर व्यंग, वर असेल तर डाग. असावयास हवे ते नाही काय? तर उणीव, त्रुटी किंवा तूट.

शासकीय व न्यायालयीन परिभाषेची पुढील आवृत्ती तयार करणाऱ्यांनी प्रत्येक संज्ञेसमोर तिचे सहचारी क्रियापदही छापावे, अशी आमची सूचना आहे. 'चूक – होते, दुरुस्त करणे', 'दोष – असतो, दूर करणे', 'त्रुटी – राहते, पूर्तता करणे', एवढे तीन शब्द अधिक छापल्याने कोशाचा आकार फारसा वाढणार नाही. परंतु तलाठी कार्यालयात अर्ज लिहून घेणाऱ्याला, ग्राहक आयोगापुढे उभ्या राहणाऱ्याला आणि वही तपासणाऱ्या शिक्षकाला नेमका शब्द हाताशी मिळेल.